येडशी-तडवळ्याचे सात मैल

हाती निवृत्तीचे चार पैसे आले, की नांदेड असो वा लातूर, घरात प्लॉटचा आणि बांधकामाचा विषय निघतोच. मी बँकेत होतो तेव्हा ओळखीचे लोक हमखास विचारत, की अमक्या कंत्राटदाराकडे पैसे लावावेत का? तेव्हा मला वालचंद हिराचंद आठवत.

जहाजे, विमाने, मोटारी यांच्यामुळे गाजलेला हा उद्योगपती मुळात बांधकामातला. जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. पेढीवर बसून व्याज मोजले असते, तरी आयुष्य सुखात गेले असते. पण या तरुणाने लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतल्या माजी कारकुनाशी भागीदारी केली. एकाकडे घरची पत, दुसऱ्याकडे रेल्वेच्या कारभाराची माहिती. फर्मचे नाव फाटक-वालचंद. भांडवलवाल्याचे नाव मागे!

बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा सात मैलांचा तुकडा हे त्यांचे सुरुवातीचे काम. तीच छोटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली. पुढे बोरघाटातले बोगदे आले, तानशाचे पाणी मुंबईला नेणारे नळ आले. १९२० च्या सुमारास टाटांशी हातमिळवणी झाली, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना निघाला, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची पायाभरणी झाली. १९५३ मध्ये ते गेले.

वालचंदांनी कंत्राटदाराला नुसते कर्ज दिले नाही, ते स्वतः कामात शिरले. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण कंत्राटदाराकडे जाण्याची रीत त्यांच्याकडून घेता येते. त्याने कबूल केलेल्या व्याजाचा आकडा मागाहून ऐकावा. आधी त्याचे पुरे झालेले एखादे छोटे काम पाहावे, तिथे राहणाऱ्यांशी बोलावे. मजुरांचा पगार आणि सिमेंटवाल्याची उधारी वेळेवर फिटते का, हे गावात सहज कळते. मोठा गृहप्रकल्प असेल तर २०१७ पासून महारेराची नोंदणी पाहता येते. लहान कामांना मात्र ते कवच नसते, आणि पेन्शनरांचा पैसा बहुधा तिथेच अडकतो.

सात मैल नीट झाले, म्हणून पुढचे बोगदे मिळाले. आपणही आधी कंत्राटदाराचे सात मैल पाहावेत, पासबुक नंतर उघडावे.