जोतीराव फुले आणि अपुरा निवाडा



बारामती तालुक्यातील सुपे तुम्हांला ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी तेथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडून वह्या आणि कर्जरोखे जाळले. त्यांचा राग नुसत्या सावकारावर नव्हता. कोर्टाचे हुकूमनामेही सावकाराच्याच बाजूने होत. रोख्यावर निरक्षर कुणब्याची निशाणी दिसली की कायद्याला तेवढे पुरे होई. मुळात पैसे किती दिले, व्याज किती चढवले, याची चौकशी कोण करणार? निवाडा कायदेशीर होता, पण न्याय नव्हता.

१८७९ साली सरकारने नवा कायदा केला. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची आणि हप्ते बांधून देण्याची मुभा कोर्टाला मिळाली. आधीचा न्याय आंधळा होता, याचीच ही कबुली.

हा आंधळेपणा जोतीरावांनी फार आधी ओळखला होता. १८२७ साली माळी कुळात जन्मलेल्या या माणसाने १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे त्यांच्या मित्राच्या घरी स्वयंपाक करणारी एक तरुण ब्राह्मण विधवा गरोदर राहिली. लोकलाजेने तिने मूल मारले. कोर्टाने तिला काळ्या पाण्यावर धाडले. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे निवाडा बरोबर होता. पण तिला फसवणारा पुरुष आणि तिच्यावर वैधव्य लादणारी रूढी यांचे काय? जोतीराव कोर्टाला दोष देत बसले नाहीत. १८६३ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी अशा विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १८८४ पर्यंत ३५ विधवा तेथे बाळंत झाल्या.

१८६८ साली त्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कोर्टकचेऱ्यांतील कारकून-वकिलांची लूट मांडली. कायदा सुधारला तरी तो राबवणारे हात तेच असतात, हे त्यांनी दाखवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. बाबासाहेबांनी त्यांना आपले गुरू मानले.

मग कोर्टाची पायरी चढूच नये काय? अवश्य चढा. पण निकाल लागला म्हणजे न्याय संपला, असे समजू नका. निवाडा जेवढे पाहतो तेवढाच न्यायी असतो. तुम्हीही घरात, वस्तीत रोज निवाडे करता. सुनेला, मुलाला, शेजाऱ्याला दोषी ठरवण्याआधी एवढेच विचारा: या खटल्यात कोणाला उभेच केलेले नाही?