भुट्टो : दोन उठावांच्या मधला माणूस

मुंबईच्या फोर्ट भागात कॅथेड्रल अँड जॉन कॉनन ही जुनी शाळा आहे. १९४० च्या आसपास तिथे लारकान्याच्या एका बड्या सिंधी जमीनदाराचा मुलगा शिकायला होता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि मुलाचे वडील, सर शहानवाझ भुट्टो, मुंबई सरकारात मंत्रीही होऊन गेले होते. मुलगा क्रिकेटवेडा. पुढे आपल्याकडे खासदार म्हणून गाजलेले पिलू मोदी हा त्याचा जिवलग दोस्त. दोस्त त्याला झुल्फी म्हणायचे. पूर्ण नाव झुल्फिकार अली भुट्टो.

हो, तेच. भारताशी हजार वर्षं लढायची भाषा करणारे. आपल्याकडे भुट्टोंची ओळख तेवढ्यावरच संपते. पण मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला वेगळ्याच गोष्टीने पकडून ठेवलं. हा माणूस एका लष्करी राजवटीत वर चढला आणि दुसऱ्या लष्करी राजवटीत फासावर गेला. आणि दोन्ही वेळेला लोकशाहीचे ठेकेदार म्हणवणारे पाश्चात्त्य देश काय करत होते, हे बघण्यासारखं आहे.

झुल्फी १९४७ मध्ये शिकायला अमेरिकेला गेला. त्याच वर्षी फाळणी झाली. वडील तेव्हा जुनागढचे दिवाण होते. नवाब कराचीला पळून गेल्यावर भारताला कारभार हातात घ्यायची विनंती करायची वेळ याच दिवाणसाहेबांवर आली. मुलाने १९५० मध्ये बर्कलीची पदवी घेतली, मग ऑक्सफर्ड, मग लंडनची बॅरिस्टरी. परत आला तो कराचीला, वकिली करायला.

ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात पहिला मार्शल लॉ लागला. राज्यघटना रद्द, संसद बंद, पक्षांवर बंदी. राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी तो लावला आणि वीसच दिवसांत जनरल अयूब खानांनी मिर्झांनाच घरी पाठवलं. या सरकारात तीस वर्षांचे भुट्टो व्यापारमंत्री झाले. म्हणजे त्यांच्या करिअरची पहिली पायरीच लष्कराने बांधलेली. तेव्हा वॉशिंग्टनला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पाकिस्तान सिएटो आणि बगदाद करार या दोन्ही गटांत त्यांच्या बाजूचा, रशियावर नजर ठेवायला सोयीचा. मार्च १९५९ मध्ये अमेरिकेने संरक्षण सहकार्याचा करार केला आणि डिसेंबरमध्ये खुद्द आयसेनहॉवर कराचीला येऊन गेले. पेशावरजवळ अमेरिकेचा हेरगिरीचा तळ होता. १९६० मध्ये रशियाने पाडलेलं यू-२ विमान पेशावरहूनच उडालं होतं.

पण भुट्टोंना एकाच दाराला बांधून घ्यायचं नव्हतं. १९६३ मध्ये परराष्ट्रमंत्री झाल्या झाल्या त्यांनी चीनशी सीमाकरार केला (काश्मीरचा शक्सगाम भाग त्यात गेला, तो भारताने कधीच मान्य केला नाही). १९६५ च्या युद्धात अमेरिकेने दोन्ही देशांची शस्त्रं बंद केली. दोस्त म्हणवणाऱ्या देशाने ऐन युद्धात पुरवठा तोडला, हे भुट्टो विसरले नाहीत. ताश्कंद करारावरून अयूबांशी बिनसलं, १९६६ मध्ये मंत्रिपद गेलं आणि पुढच्या वर्षी लाहोरला त्यांनी स्वतःचा पीपल्स पार्टी हा पक्ष काढला.

१९७० ची निवडणूक आणि बांगलादेश हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून फार लांबवत नाही. शेख मुजीबांच्या पक्षाला पूर्वेकडच्या १६२ पैकी १६० जागा मिळाल्या, भुट्टोंना पश्चिमेकडच्या १३८ पैकी ८१. बहुमत सरळसरळ मुजीबांचं होतं. ते भुट्टोंनी मानलं असतं तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. त्यांनी ते मानलं नाही आणि मार्च १९७१ मध्ये लष्कराने ढाक्यात जे केलं त्याला त्यांनी विरोधही केला नाही. डिसेंबरमध्ये पराभव झाल्यावर उरलेल्या पाकिस्तानची सत्ता त्यांच्या हातात आली.

इथून पुढे आपल्या इंजिनियर लोकांच्या इंटरेस्टचा भाग. जानेवारी १९७२ मध्ये भुट्टोंनी मुलतानला शास्त्रज्ञांना गोळा केलं आणि अणुबॉम्बचं काम सुरू करायला सांगितलं. म्हणजे आपल्या पोखरणच्या दोन वर्षं आधीच. बॉम्बकडे जायचे दोन रस्ते. एक, अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन रासायनिक प्रक्रियेने वेगळं करून प्लुटोनियम काढायचं. त्यासाठी १९७६ मध्ये फ्रान्सशी करार झाला. दुसरा, सेंट्रिफ्यूज गरागरा फिरवून युरेनियम समृद्ध करायचं. त्यासाठी हॉलंडमधून ए. क्यू. खान नावाचा मेटलर्जीचा इंजिनियर परत आला. अमेरिकेचा पहिला रोख फ्रान्सच्या प्लँटवर होता. ऑगस्ट १९७६ मध्ये किसिंजर लाहोरला येऊन तो सोडायचा आग्रह करून गेले. भुट्टोंनी ऐकलं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली होती. कित्येक सीनियर जनरल्सना डावलून झिया उल हक यांना लष्करप्रमुख केलं. झिया नम्र, कमी बोलणारे. यांच्यापासून धोका नाही असा हिशोब.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत भुट्टोंच्या पक्षाला २०० पैकी १५५ जागा मिळाल्या. विरोधक म्हणाले, मतं चोरली. शहरोशहरी दंगे झाले, माणसं मेली. भुट्टोंनी संसदेत अमेरिकेवर कटाचा आरोप केला. मात्र सगळा राग बाहेरून आणलेला होता असं मला वाटत नाही. बलुचिस्तानचं निवडून आलेलं सरकार त्यांनी बडतर्फ केलं होतं, विरोधी पक्षावर बंदी घातली होती आणि फेडरल सिक्युरिटी फोर्स नावाचं स्वतःचं दल विरोधकांच्या मागे लावलं होतं. त्यांना हुतात्मा करायचा माझा विचार नाही.

५ जुलै १९७७ च्या पहाटे झियांनी त्यांना अटक केली. नव्वद दिवसांत निवडणुका घेऊ, असं आश्वासन दिलं. ते नव्वद दिवस कधी आलेच नाहीत. बाहेर सुटल्यावर भुट्टोंच्या सभांना गर्दी लोटायला लागली आणि झियांच्या लक्षात आलं की निवडणूक झाली तर हा माणूस परत येणार. सप्टेंबरमध्ये पुन्हा अटक, या वेळी खुनाच्या कटाच्या आरोपाखाली. १९७४ मध्ये लाहोरला अहमद रझा कसुरी या विरोधी खासदाराच्या गाडीवर गोळीबार झाला होता, त्यात त्याचे वडील गेले होते. लाहोर हायकोर्टाने १८ मार्च १९७८ ला फाशी सुनावली. सुप्रीम कोर्टात ती ४ विरुद्ध ३ अशी टिकली. एका मताने.

मग जगभरातून दयेचे अर्ज सुरू झाले. कार्टर, ब्रेझनेव्ह, पोप, ब्रिटन, चीन, सौदी, तुर्कस्तान. एरवी एका टेबलावर न बसणारे लोक इथे एका बाजूला. आपले पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी मात्र हा पाकिस्तानचा अंतर्गत मामला म्हणून अर्ज केला नाही. पुढे १९९० मध्ये पाकिस्तानने मोरारजींना निशान-ए-पाकिस्तान दिला. दोन गोष्टींचा संबंध लावायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

४ एप्रिल १९७९ ला रात्री दोनच्या सुमारास रावळपिंडीच्या तुरुंगात भुट्टोंना फाशी दिली. वय ५१. आदल्या दिवशी पत्नी नुसरत आणि मुलगी बेनझीर शेवटचं भेटून गेल्या होत्या. दफनाला मात्र त्यांना जाऊ दिलं नाही.

दोनच दिवसांनी अमेरिकेने पाकिस्तानची मदत थांबवली. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, बघा, फाशीचा निषेध केला. पुढची ओळ वाचली तर कारण वेगळंच. कहुटामध्ये युरेनियम समृद्ध करायचं काम चाललंय हे त्यांना कळलं होतं. म्हणजे संसद बंद केली, निवडणुका बुडवल्या, माजी पंतप्रधान लटकवला, या सगळ्यावर फक्त पत्रं आणि नाराजी. पैसे अडले ते सेंट्रिफ्यूजवर, जे सुरू केले होते खुद्द भुट्टोंनी.

आणि तेही किती दिवस? नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादला जमावाने अमेरिकन वकिलात जाळली, तेव्हा संबंध अगदी तळाला होते. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि एका आठवड्यात सगळं चित्र फिरलं. कालपर्यंत वाळीत टाकलेले झिया आता आघाडीवरचे दोस्त झाले. कार्टरनी ४० कोटी डॉलर देऊ केले. झियांनी ती रक्कम शेंगदाण्याइतकी म्हणून उडवून लावली (कार्टर स्वतः शेंगदाण्याचे शेतकरी, त्यामुळे टोमणा बरोबर बसला). १९८१ मध्ये रेगन सरकारने सहा वर्षांसाठी ३२० कोटी डॉलर आणि ४० एफ-१६ विमानं दिली. कहुटा चालूच होतं. निवडणुकांची तर कोणी आठवणही काढत नव्हतं. झिया १७ ऑगस्ट १९८८ ला विमान कोसळून गेले, तेव्हा त्याच विमानात अमेरिकेचे राजदूतही होते. रशियन फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परत गेल्या आणि १९९० मध्ये अमेरिकेने पुन्हा अणुबॉम्बच्या कारणावरून मदत बंद केली. तेव्हा पाकिस्तानात काळजीवाहू सरकार होतं.

फाशी कायम करणाऱ्यांपैकी एका न्यायमूर्तींनी पुढे मुलाखतीत दबाव असल्याचं कबूल केलं. २०११ मध्ये भुट्टोंचे जावई, राष्ट्राध्यक्ष झरदारी, यांनी हा खटला सुप्रीम कोर्टाच्या मतासाठी पाठवला. मत यायला तेरा वर्षं लागली. ६ मार्च २०२४ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की भुट्टोंवरचा खटला न्याय्य पद्धतीने चालला नव्हता. मात्र जुना निकाल रद्द करायची सोय कायद्यात नाही, म्हणून शिक्षा कागदावर अजून तशीच आहे.