सिद्धरामेश्वर

सिद्धरामेश्वर (१२ वे शतक) हे वीरशैव परंपरेतील शिवयोगी, कन्नड वचनकार आणि सोलापूरचे ग्रामदैवत होत. ते सिद्धराम, सिद्धेश्वर या नावांनीही ओळखले जातात. सोलापूर म्हणजे 'सोळा गावे' ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली, तरी सिद्धरामांच्या काळी गावाचे नाव सोन्नलगी होते व आजचे नाव त्यावरूनच आले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मुद्दगौडा व सुग्गलादेवी हे त्यांचे माता-पिता. त्यांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे राघवांक या कवीचे कन्नड काव्य. त्यात आख्यायिकांचा भाग मोठा आहे. त्यानुसार, शेत राखणाऱ्या बालक सिद्धरामाकडे मल्लय्या नावाच्या जंगमाने हुरडा मागितला व नंतर दहीभाताची इच्छा प्रकट केली. बालक घरून दहीभात घेऊन परतेपर्यंत जंगम दिसेनासा झाला. त्याच्या शोधात ते यात्रेकरूंसह श्रीशैलास गेले. भेट न झाल्याने कड्यावरून उडी घेण्यास निघाले असता मल्लिकार्जुनाने दर्शन देऊन सोन्नलगी हेच दुसरे श्रीशैल करण्याची आज्ञा दिली.

गावी परतल्यावर त्यांनी मल्लिकार्जुनाचे मंदिर उभारले, गाव व परिसरात ६८ लिंगांची स्थापना केली आणि विशाल तलाव खोदविला. अवर्षणप्रवण प्रदेशात या तलावाचे मोल निराळे सांगावयास नको. खोदकामासाठी मोठा श्रमिकवर्ग जमला व लहानसे गाव क्षेत्र म्हणून वाढू लागले.

तलावाचे काम चालू असतानाच अल्लमप्रभू तेथे आले. 'शून्यसंपादने' या ग्रंथातील कथेनुसार त्यांनी सिद्धरामांना दगडमातीत रमलेला वड्डर म्हणून हिणविले. संतापलेल्या श्रमिकांनी त्यांच्यावर दगडफेक केली; मात्र स्वतः सिद्धरामांना वादात माघार घ्यावी लागली. देवळे व तळी बांधण्याचे पुण्य मुक्तीस पुरेसे आहे काय, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यभराच्या कार्यालाच भिडणारा होता. पुढे ते अल्लमप्रभूंसह बसवेश्वरांच्या कल्याण नगरीत गेले व तेथे चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या मुद्रिकेची त्यांची हजारांहून अधिक वचने उपलब्ध आहेत. कल्याणहून ते सोन्नलगीस परतले आणि तेथेच समाधिस्थ झाले. तलावाने वेढलेल्या सिद्धेश्वर मंदिरात त्यांची समाधी आहे. शेजारचा भुईकोट किल्ला नंतरच्या काळातील आहे.

त्यांच्याशी विवाहाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लावण्यात आला, अशी कथा आहे. तिच्या स्मरणार्थ मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्डा यात्रा भरते. बाळीवेस येथील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा व नंतर होमविधी होतो. तैलाभिषेकाची प्रदक्षिणा सिद्धरामांनी स्थापिलेल्या लिंगांच्या मार्गाने जात असल्याने जुन्या सोन्नलगीचा विस्तार तिच्यावरून पुष्कळसा उमगतो.