खबरीचे पारखी अल-बिरूनी

तुम्ही सोनाराच्या दुकानात कधीतरी गेला असाल. सोनार दागिना हातात घेतो, कसोटीवर घासतो, काट्यावर तोलतो आणि मगच त्याची किंमत सांगतो. आपण म्हणतो म्हणून तो पितळेला सोने म्हणत नाही. पण कानावर आलेल्या खबरीचे काय? ती आपण कशावर घासून पाहतो? सुमारे हजार वर्षांपूर्वी एक विद्वान होऊन गेले. ते खबरसुद्धा पारखून घेत. त्यांचे नाव अबू रैहान मुहम्मद अल-बिरूनी.

त्यांचा जन्म इ.स. 973 मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. काथ हे तेथील शहर. हा भाग आज उझबेकिस्तानात आहे. अबू नसर मन्सूर या गणितज्ञांनी त्यांना शिकवले. 24 मे 997 रोजी चंद्रग्रहण होते. बिरूनी तेव्हा 23 वर्षांचे होते. त्यांनी बगदादचे विद्वान अबुल वफा यांच्याशी आधीच ठरवून घेतले, की दोघांनी आपापल्या शहरातून ग्रहणाची वेळ टिपून ठेवायची. मग दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी दोन शहरांच्या रेखांशांतील फरक काढला. हे काम एकाच माणसाच्या नोंदीवर झाले नसते.

पुढे राज्ये बदलली, लढाया झाल्या. 1017 मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिज्म जिंकले आणि बिरूनींना गझनीला नेले. ते काही स्वतःच्या मर्जीने गेले नव्हते. पण गझनीचे राज्य पंजाबपर्यंत पोचले होते. त्यामुळे बिरूनींना हिंदुस्थान पाहण्याची संधी मिळाली.

एकदा अबू सहल नावाच्या विद्वानाशी बोलताना हिंदू लोकांवरील पुस्तकांचा विषय निघाला. त्या पुस्तकांतील बराचसा मजकूर एकाने दुसऱ्याचा उतरून घेतलेला होता. लिहिणाऱ्याने कोणा हिंदू पंडिताला विचारलेच नव्हते! बिरूनींनी स्वतः लिहायचे ठरवले. चाळिशी उलटलेला हा माणूस संस्कृत शिकू लागला. त्यांनी पदरचा पैसा खर्चून लांबलांबून पोथ्या मिळवल्या आणि पंडितांजवळ बसून त्या समजून घेतल्या. पतंजलींच्या योगावरील ग्रंथ त्यांनी अरबीत आणला. 1030 च्या सुमारास त्यांचे मोठे पुस्तक पूर्ण झाले. ते ‘किताब अल-हिंद’ या नावाने ओळखले जाते. त्यात 80 प्रकरणे आहेत.

या पुस्तकाची सुरुवात मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. ते आधी सांगतात, की ऐकलेले हे पाहिलेल्याच्या तोलाचे नसते. मात्र आपले डोळे फक्त आपल्या काळातले आणि आपल्या समोरचेच पाहू शकतात. बाकीच्यासाठी खबरीवाचून गत्यंतर नाही. म्हणून खबर कोण देतो ते पाहायचे. एक जण आपल्या टोळीची बढाई मारण्यासाठी खोटे बोलतो. दुसरा शत्रूची बदनामी व्हावी म्हणून बोलतो. तिसरा भीतीने. आणि एक तर अगदी भला माणूस असतो. त्याला फसवायचे नसते, पण त्याने ऐकलेले तसेच पुढे दिलेले असते. मला वाटते, हा शेवटचा ओळखणे सर्वांत अवघड, कारण त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणा दिसत नाही.

खुद्द राजाबद्दलही त्यांनी हाच नियम पाळला. महमूदच्या स्वाऱ्यांमुळे या देशाची भरभराट लयाला गेली, येथील विद्या दूरच्या प्रदेशांत निघून गेली आणि लोकांच्या मनात द्वेष बसला, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. गझनीत राहून असे लिहिणे सोपे नव्हते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. या पुस्तकात मरहट्ट देशाचे नाव आहे आणि कोकणातील ठाण्याचेही आहे. धारहून तेथे यायला किती अंतर पडते तेही दिले आहे. मग बिरूनी ठाण्याला आले होते का? नाही. लाहोर, मुलतान, पेशावर अशी जी ठिकाणे त्यांनी पाहिली, त्यांची नावे त्यांनी स्वतः दिली आहेत आणि त्यापुढे आपण गेलो नाही असेही लिहिले आहे. पुढची अंतरे त्यांना इतरांकडून कळली. त्यातही एक गोम त्यांच्या ध्यानात आली. अंतर सांगताना बैलाच्या ओझ्याचा हिशेब धरत. ओझे एवढे असे, की बैलाला एका खेपेत नेता येत नसे. मग त्याच वाटेने अनेक खेपा होत आणि त्या खेपांचे दिवसही अंतरात धरले जात. बिरूनींनी ही माहिती टाकून दिली नाही. तिच्यात कोठे चूक असू शकते ते सांगून ती वाचकांपुढे ठेवली.

उतारवयात त्यांनी रत्नांवर पुस्तक लिहिले. त्यात एक मजेची हकिकत आहे. पाचू म्हणजे आपला जुमुर्रद. तो पाहताच सापाचे डोळे फुटतात, असे त्या काळी सगळेच म्हणत. पुस्तकांतही तसे लिहिलेले होते. बिरूनींनी सरळ एक साप मिळवला! त्याच्या गळ्यात पाचूंची माळ घातली, त्याच्यासमोर पाचू पसरले, दोऱ्याला बांधून त्याच्यापुढे हलवले. उन्हाळ्यात पाहिले, थंडीत पाहिले. असे नऊ महिने चालले. सापाच्या डोळ्यांना काही झाले नाही. एकदा एका तुर्काने त्यांच्याकडे पाऊस पाडणारा दगड आणला. बिरूनींनी त्याला हाकलले नाही. मी सांगेन त्या वेळी पाऊस पाडून दाखव, मग मागशील त्याहून जास्त देईन, असे त्यांनी सांगितले. तुर्काने दगड पाण्यात बुडवून आकाशाकडे फेकले, मोठमोठ्याने मंत्र म्हटले. त्याने उडवलेल्या पाण्याखेरीज एक थेंबही पडला नाही.

स्वतःच्या मोजमापालाही त्यांनी सवलत दिली नाही. पंजाबात नंदना किल्ल्याजवळच्या एका टेकडीवरून क्षितिजाचा कोन मोजून त्यांनी पृथ्वीचा आकार काढला. खलिफा मामूनच्या विद्वानांनी तो आधी वाळवंटात मोजला होता. दोन्ही उत्तरे जवळजवळ आली. तेव्हा बिरूनींनी जुनेच उत्तर वापरले, कारण त्या विद्वानांची उपकरणे अधिक बारीक होती आणि त्यांनी कष्टही जास्त घेतले होते.

बिरूनी अकराव्या शतकाच्या मध्यास गझनी येथे वारले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगतात. सुलतान मसऊदला त्यांनी खगोलशास्त्राचा मोठा ग्रंथ अर्पण केला, तेव्हा सुलतानाने एका हत्तीवर मावेल एवढी चांदी पाठवली. बिरूनींनी ती परत केली. ही गोष्ट याकूत नावाच्या लेखकाने दिली आहे. याकूत 1229 मध्ये वारले, म्हणजे बिरूनींनंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी. त्यांनी ती चांदी पाहिली नव्हती, तो हत्तीही पाहिला नव्हता. ही खबर बिरूनींच्या हाती पडली असती, तर त्यांनी आधी काय विचारले असते? तुमचे प्रश्न वहीत लिहून आणा.