सामान्यांना मोटार देणारा उद्योजक
इंग्लंडमधील लिटल मिसेंडन येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या हर्बर्ट ऑस्टिन यांनी तरुणपणी ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या यंत्रांवर काम केले. मायदेशी परतल्यावर १९०५ मध्ये त्यांनी लाँगब्रिज येथे मोटारींचा कारखाना उभारला. पहिल्या महायुद्धात त्यांनी एकुलता एक पुत्र गमावला. १९२१ मध्ये कंपनीही दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तरीही संचालकांचा विरोध पत्करून त्यांनी स्टॅन्ली एज या अठरा वर्षांच्या आरेखकाकडून स्वतःच्या घरी छोट्या मोटारीचे आराखडे करवून घेतले. १९२२ मध्ये अवतरलेली चार सिलिंडरची ‘ऑस्टिन सेव्हन’ मोटरसायकलला साइडकार जोडून फिरणाऱ्या कुटुंबांनाही परवडू लागली. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या तयार झाल्या आणि बुडती कंपनी तरली. १९४१ मध्ये ऑस्टिन यांचे निधन झाले.