घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र आणणारा माणूस, ज्याला नंतर त्याच गोष्टीचा पस्तावा झाला

घरात खाऱ्या पाण्याचा ॲक्वेरियम ठेवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. मासे चांगले, पाणी स्वच्छ, पण पीएच काही केल्या वर येत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण 8.1 असतो आणि टाकीतला सकाळी बघावा तर 7.7. मग बाटल्या आणायच्या, पावडरी टाकायच्या.

पण ज्या माणसाने हा छंद घराघरात नेला, त्याच्या काळात पीएच हा शब्दच नव्हता. तो शब्द 1909 साली कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी काढला. तोवर या माणसाला जाऊन 21 वर्षं झाली होती.

त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

जन्म 1810 चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून लोकांची छोटी चित्रं काढायचे, त्यामुळे घरात पैशांची चणचण कायमचीच. सतराव्या वर्षी पोरगा कारकुनी करायला थेट न्यूफाउंडलंडला गेला. तिथे किड्यांचा नाद लागला. मग कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात मास्तरकी केली, तिथे गुलामांचे हाल बघून जीव विटला. 1839 ला तो परतला तेव्हा हातात पैसा नव्हता, पण कीटकांची चित्रं आणि टिपणं भरपूर होती. त्यातूनच पुस्तकं निघाली. पुढे जमैकात दीड वर्ष राहून त्याने तिथल्या पक्ष्यांवरही लिहिलं.

1848 ला एमिली बोज हिच्याशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशीच्या डायरीत गॉसने मुलाचा जन्म आणि जमैकाहून आलेला एक पक्षी, या दोन्ही गोष्टींची नोंद एकापाठोपाठ केली. माणूस तसा होता.

1852 ला तब्येत बिघडली म्हणून कुटुंब डेव्हनच्या समुद्रकिनारी गेलं. तिथे ओहोटीच्या वेळी खडकातल्या डबक्यात वाकून बघणं हाच त्याचा दिवसभराचा उद्योग झाला. समुद्रफुलं, कोळंबी, शेवाळ. हे सगळं घरी कसं न्यायचं?

हा प्रश्न आधीही काहींना पडला होता. ॲना थिन नावाच्या बाईंनी 1846 मध्ये टॉर्कीहून प्रवाळ लंडनला आणले होते. ते जगावेत म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने वनस्पती आणि मासे एकत्र ठेवले तर पाणी टिकतं, हे दाखवलं होतं. गॉसने तेच समुद्राच्या पाण्यात केलं. टाकीत हिरवं शेवाळ लावलं, मग जीव सोडले. 1853 ला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, त्यातही त्याचा मोठा वाटा होता. 1854 ला त्याचं पुस्तक आलं आणि ॲक्वेरियम हा शब्द रूढ झाला. किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षारांपासून खारं पाणी बनवायची कृतीही दिली.

आता त्या मोलकरणीकडे परत येऊ, कारण पीएचचं अर्धं उत्तर तिच्या हातात होतं.

बंद खोलीत माणसं श्वास सोडतात, गॅस पेटतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं आणि पीएच खाली येतो. म्हणून आधी एक सोपी तपासणी करावी. टाकीतलं पेलाभर पाणी घराबाहेर नेऊन त्यात तासभर एअर पंपाने बुडबुडे सोडायचे. पीएच वर आला तर दोष खोलीतल्या हवेचा. मग खिडकी उघडी ठेवायची किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढायची. बाटलीपेक्षा हे स्वस्त.

दुसरं अर्धं उत्तर गॉसच्या शेवाळात होतं. उजेडात शेवाळ कार्बन डायऑक्साइड खातं, अंधारात उलट सोडतं, म्हणून पीएच पहाटे सगळ्यात कमी असतो. आज लोक वेगळ्या कप्प्यात शेवाळ ठेवून त्यावर रात्री दिवा लावतात, तो त्याचाच विस्तार. एवढं करूनही भागलं नाही तर आधी अल्कलिनिटी मोजायची. ती 8 ते 11 डीकेएचच्या दरम्यान असेल तर खायचा सोडा ओतून उपयोग नाही. सोड्याने अल्कलिनिटी वाढते, पीएच फारसा हलत नाही. त्यापेक्षा ॲक्वेरियमसाठी मिळणाऱ्या चुन्याची निवळी रात्री थेंब थेंब सोडावी. एकदम ओतली तर मात्र पीएच उडी मारतो आणि मासे जातात.

गॉसकडे यातलं मोजायचं काहीच साधन नव्हतं. पुस्तक वाचून लाखमोलाचा छंद लागलेल्या हौशी लोकांकडेही नव्हतं. टाकी खराब झाली की लोक पुन्हा किनाऱ्यावर जायचे आणि नवी समुद्रफुलं खरवडून आणायचे. काही वर्षांत डेव्हनची ती डबकी ओसाड पडली. गॉसने हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला ते फार लागलं. एडमंडने 1907 च्या आपल्या पुस्तकात ही हळहळ नोंदवून ठेवली आहे.

घरातही काही बरं चाललं नव्हतं. फेब्रुवारी 1857 मध्ये एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने सृष्टीची उत्पत्ती आणि जीवाश्म यांचा मेळ घालणारं पुस्तक लिहिलं. देवाने पृथ्वी घडवतानाच जुन्या काळाच्या खुणा तिच्यात ठेवल्या, असं त्याचं म्हणणं. ते ना धार्मिकांना पटलं, ना शास्त्रज्ञांना. रॉयल सोसायटीचा फेलो झालेल्या माणसाची थट्टा झाली. त्यानंतर तो टॉर्कीजवळ सेंट मेरीचर्चला जाऊन राहिला, समुद्रफुलांवर मोठा ग्रंथ लिहिला, 1860 ला दुसरं लग्न केलं.

म्हातारपणी ताऱ्यांचा नाद लागला. हिवाळ्यातल्या एका रात्री उघड्या खिडकीपाशी दुर्बीण लावत बसला, थंडी बाधली, छातीचा आजार बळावला. 23 ऑगस्ट 1888 रोजी तो गेला.