आधी अंगणात चाक सोडून बघा

घाटकोपरहून मुलुंडकडे एलबीएस रोडने जाताना सिग्नलला ती दिसते. पिकअपच, पण जमिनीपासून हातभर उंच. टायर एवढे मोठे की शेजारची स्कूटी खेळण्यातली वाटावी. तुम्ही बसच्या खिडकीतून फोटो काढता, ग्रुपवर टाकता आणि पाच मिनिटांत ठरतं: घरच्या धंद्याची जी साधी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप उभी आहे, तिलाही लिफ्ट किट टाकायचं, मोठे टायर घालायचे. पावसात अंधेरी सबवेला पाणी तुंबू दे नाहीतर आरेच्या रस्त्यावर खड्डे पडू दे, आपल्याला काय!

बेत भारी आहे. पण पैसे जमवायला घेण्याआधी एका दाढीवाल्या जनावरांच्या डॉक्टरची गोष्ट ऐका. त्याचं नाव तुम्ही शंभरदा वाचलंय, टायरवर. माणूस मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. जॉन बॉइड डनलॉप.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४०चा. गाव ड्रेगहॉर्न, स्कॉटलंड. घर शेतकऱ्याचं. एडिंबरात शिकून तो एकोणिसाव्या वर्षी जनावरांचा डॉक्टर झाला, म्हणजे साधारण तुमच्याच वयात. काही वर्षं तिथेच काम केलं आणि १८६७मध्ये आयर्लंडला गेला. बेलफास्ट शहरात त्याने दवाखाना असा चालवला की तो देशातल्या मोठ्या दवाखान्यांत गणला जाऊ लागला. तेव्हा शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर. घोडा लंगडला की धंदा बसला. त्यामुळे डनलॉपची ओळख होती ती घोड्याचे पाय आणि नाल जाणणारा माणूस म्हणून. गाड्या बनवणं, इंजिनिअरिंग, यातलं त्याने काही शिकलेलं नव्हतं. तब्येत आपली नाजूक आहे असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि तो जपून राहायचा. गाजावाजा करणारा माणूस नव्हेच.

साल १८८७. डनलॉप सत्तेचाळीस वर्षांचा. त्याचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा, आणि जॉनीकडे तीनचाकी सायकल. तिची चाकं भरीव रबराची. बेलफास्टचे रस्ते दगडी. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक उखडलेल्या गल्लीतून सायकल काढा, म्हणजे जॉनीच्या कमरेचं काय होत असेल ते कळेल. पोराने बापाकडे तक्रार केली. बापाने ती मनावर घेतली.

आता इथे नीट लक्ष द्या. डनलॉपने सायकल उघडून मोडतोड सुरू केली नाही. त्याने लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबराची नळी करून तिच्याभोवती बसवली, वरून लिननच्या कापडाची पट्टी गुंडाळली, ती खिळ्यांनी चकतीला ठोकली आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग सायकलचं भरीव रबराचं चाक काढलं आणि घराच्या अंगणात दोन्ही चाकं एकापाठोपाठ एक जमिनीवर घरंगळत सोडली. सायकलचं चाक अर्ध्या वाटेत डगमगून पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून थेट फाटकाच्या खांबावर आपटलं आणि उलट फिरलं.

एवढंच. ना यंत्र, ना प्रयोगशाळा. पण जुनं आणि नवं त्याने एकाच जमिनीवर, एकाच हाताने सोडून पाहिलं. धक्के कमी बसतील एवढीच त्याची अपेक्षा होती. निघालं भलतंच: हवेचं चाक कमी जोरात लांब जातं. कारण सरळ आहे. भरीव चाक प्रत्येक दगडावर सगळी गाडी उचलतं आणि आपटतं. त्यात जोर वाया जातो. हवेचं चाक दगड पोटात घेतं, गाडी होती त्या पातळीवर पुढे सरकते.

मग त्याने जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन चाकांना तसे टायर बसवले. १८८८ची सुरुवात. पोरगं खूश. २३ जुलै १८८८ला डनलॉपने पेटंटसाठी अर्ज केला आणि डिसेंबरात ते मिळालंही.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती. पण खरी मजा, आणि खरा त्रास, पुढे आहे.

पहिली अडचण: हे जाड टायर साध्या सायकलच्या चिमट्यात मावेनात. चिमटा बारीक चाकासाठी केलेला. म्हणजे टायर बदलायचा तर सांगाडाच नवा हवा. मग बेलफास्टमधल्या सायकल बनवणाऱ्यांकडून रुंद चिमट्याच्या सायकली करून घ्याव्या लागल्या. दुसरी अडचण: टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की सगळं सोलून काढा, जोडा, पुन्हा चिकटवा. त्यात तासन् तास जायचे. सहज निघणारा टायर नंतर दुसऱ्या लोकांनी शोधला.

तुमच्या पिकअपचंही नेमकं हेच होतं. मोठा टायर घातला की तो वळताना मडगार्डला घासतो. म्हणून गाडी उचलायची. मागच्या पाट्यांखाली ठोकळे, पुढे स्पेसर. गाडी उचलली की शॉकअप आखूड पडतात, ब्रेकचा पाइप ताणला जातो, पुढच्या चाकांचा कोन बिघडून टायर एका कडेने झिजतो. चाक जड झालं, ब्रेक मात्र तेच राहिले, म्हणून गाडी थांबायला जास्त जागा घेते. टायरची उंची २७ इंचांवरून ३० इंच केली, तर मीटर साठ दाखवत असताना तुम्ही खरे सहासष्टच्या पुढे असता. इंजिनाला तेच चाक फिरवायला जास्त जोर लागतो. चढावर गाडी ओढत नाही आणि क्लच जळतो.

आणि एवढं करून हाती काय लागतं? लिफ्ट किटने वर जाते ती बॉडी. मागच्या एक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा आहे तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे, आणि तोही अर्ध्याने. तीन इंच मोठा टायर म्हणजे खाली दीड इंच जागा. शिवाय गाडी टू-व्हील ड्राइव्ह. मागचं एक चाक चिखलात गेलं की ते जागच्या जागी गरगरत राहतं आणि दुसरं तमाशा बघतं. रिकाम्या पिकअपच्या मागे वजन नसतं, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. उंचीने पकड येत नाही. उलट भार वर गेल्यामुळे घोडबंदर रोडच्या वळणावर माल भरलेली गाडी कलंडायची भीती वाढते.

असो. डनलॉपकडे परत येऊ.

लोक त्या फुगीर टायरना हसायचे. १८ मे १८८९ला बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकल शर्यती होत्या. विली ह्यूम नावाचा सायकलपटू डनलॉपच्या टायरवर उतरला आणि उतरला त्या चारही शर्यती जिंकला. हरलेल्यांमध्ये डु क्रॉस घराण्यातली मुलं होती. त्यांचे वडील हार्वे डु क्रॉस हे पक्के व्यापारी. त्यांनी ओळखलं की पोरं कमी पडली नव्हती, चाकं कमी पडली. वर्ष संपायच्या आत डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉपने आपलं पेटंट कंपनीला दिलं आणि बदल्यात काही शेअर घेतले.

आणि मग १८९०मध्ये बॉम्ब पडला. कळलं की पेटंट टिकणार नाही. हवेच्या चाकाचं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्याच एका स्कॉटिश माणसाने १८४५मध्ये, म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा असताना, घेऊन ठेवलं होतं. थॉमसनने ती चाकं घोडागाडीला लावून लंडनच्या बागेत पळवूनही दाखवली होती. पण तेव्हा रबर महाग, सायकल आजच्यासारखी नव्हती, मोटार तर नव्हतीच. चाक चांगलं होतं, त्याला गिऱ्हाईक नव्हतं. जग विसरलं. डनलॉपला थॉमसनचा पत्ताही नव्हता. त्याने चोरी केली नव्हती, पण पहिला मात्र तो नव्हता.

तुम्ही रात्रंदिवस खपून प्रोजेक्ट करावा आणि सबमिशननंतर कळावं की हे कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय. तसंच काहीसं. कंपनीने दुसऱ्यांची पेटंटं विकत घेऊन धंदा वाचवला. डनलॉपने दवाखाना सोडला, डब्लिनला बिऱ्हाड हलवलं, पण व्यापाऱ्यांच्या त्या जगात तो रमला नाही. १८९५मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ती कंपनी ३० लाख पौंडांना विकली गेली. त्या मोठ्या कमाईच्या वेळी डनलॉप तिथे नव्हताच. पुढे त्याने डब्लिनमधल्या एका कापडाच्या दुकानाच्या कारभारात लक्ष घातलं. २३ ऑक्टोबर १९२१ला, वयाच्या ८१व्या वर्षी, तो त्याच शहरात वारला. त्याचं नाव जगभरच्या टायरवर छापलं जात होतं आणि त्या कंपनीशी त्याचा संबंध संपून पाव शतक उलटलं होतं.

एका चाकामागे काय काय बदललं बघा. सायकलचा सांगाडा बदलला. एका डॉक्टरचा पेशा आणि शहर बदललं. आणि दूर आफ्रिकेत, ज्यांनी आयुष्यात सायकल पाहिली नव्हती, त्यांचं जगणं उद्ध्वस्त झालं. टायरमुळे रबराला अफाट मागणी आली आणि बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातल्या काँगोमध्ये लोकांना मारहाण करून, ओलीस धरून जंगलातून रबर आणायला लावलं गेलं. असंख्य माणसं मेली. मुलाची कंबर दुखू नये म्हणून अंगणात चाक सोडणाऱ्या बापाच्या हे स्वप्नातही नसेल. त्याला दोष देता येत नाही. पण बदल एकटा येत नाही, एवढं मात्र यातून शिकावं लागतं.

आपल्याकडेही हेच दिसतं. थंडीत साखर कारखान्याच्या भागातल्या गावी गेलात, तर ऊस वाहणाऱ्या टायरगाड्या बघा. जुन्या बैलगाडीचं लोखंडी धावेचं लाकडी चाक चिखलात रुतायचं. हवेचा टायर आला, ओढ हलकी झाली. जनावरांच्या डॉक्टरला आनंद व्हावा अशीच गोष्ट. पण ओढ हलकी झाली म्हणून गाडीत उसाच्या मोळ्या आणखी चढल्या. बैल होता तिथेच.

तेव्हा पिकअपचं काय करायचं? बदल करूच नका असं ही गोष्ट सांगत नाही. डनलॉप स्वतःच मोठा बदल करणारा होता. पण त्याच्या समोर एक नेमका त्रास होता, आणि तो कुणाला होतो हे त्याला ठाऊक होतं. तुमचा त्रास कोणता? पाणी तुंबतं हा असेल, तर उंच गाडीतून तुंबलेल्या सबवेत शिरणं हा उपाय नव्हे. खड्डे हा असेल, तर चांगले शॉकअप, टायरमध्ये बरोबर हवा आणि कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापाचा चांगल्या नक्षीचा टायर, यात बरंच काम होतं. फोटो हा असेल, तर तसं स्वतःशी कबूल करा.

आणि कायदाही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर धंद्याची गाडी, वडिलांचं कर्ज आणि समोरच्याचा मोडलेला पाय, सगळं तुमच्या अंगावर. थॉमसनचं पेटंट डनलॉपला उशिरा कळलं. कलम ५२ तुम्हाला आज कळलंय.

तरीही चाकांचं वेड असेल, तर ते जपा. भांडुपला टायरचा कारखाना तुमच्याच वाटेवर आहे, पंक्चरवाला तर प्रत्येक नाक्यावर. त्याच्याकडे एक दुपार बसा. टायर कुठून झिजतो, का झिजतो, जास्त माल भरलेल्या गाडीचा कसा आणि हवा कमी असलेल्या गाडीचा कसा, ते विचारा. डनलॉपने घोड्याच्या झिजलेल्या नाला बघत वीस वर्षं काढली होती.

मग हवं तर दोन चाकं घ्या, कॉलेजच्या मागच्या मैदानात जा आणि सोडून बघा. कुठलं लांब जातं?